उरलेला जोड

पाण्यासमोर सगळी माणसं सारखी असतात. हे वाक्य आमच्या ट्रायथलॉन क्लबच्या फलकावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे आणि त्याच्याखाली पदाधिकाऱ्यांची नावं मानाच्या उतरत्या क्रमाने दिलेली आहेत. फलक पांढुर्ण्यात मेन रोडवर आहे. तिथून पाणी बरंच दूर आहे.

त्या यादीत शेवटचं नाव निर्मला सोमकुंवर यांचं होतं. आता तिथे पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलेला आहे. रंग देणाऱ्याने एकच हात दिला, त्यामुळे दुपारच्या उन्हात नाव अजून वाचता येतं. मी बाजारातून येताना ते वाचतो आणि दरवेळी माझं डोकं तापतं. डॉक्टरांनी मला रक्तदाबासाठी चालायला सांगितलं आहे, पण त्या रस्त्याने चालून काही उपयोग होत नाही.

सोमकुंवर मॅडम सौंसरच्या सरकारी शाळेत पीटीआय होत्या. खेळ शिकवणाऱ्या शिक्षकाला आमच्याकडे पीटीआयच म्हणतात. मूळच्या रामाकोन्याच्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी मुलगी आपोआप पोट आत घ्यायची. गळ्यात शिटी कायम. मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांनी ती पदराआड घातलेली होती. वरात आटपत नाही असं पाहून त्यांनी ती एकदा वाजवलीही. वरात हलली.

क्लब निघाला तो पांढुर्णा जिल्हा झाल्यावर. जिल्हा झाला की माणसांना आपल्याकडे काय काय नाही ते दिसायला लागतं. पोहणं, सायकल आणि धावणं हे तिन्ही न थांबता एकामागून एक करायचं, याला ट्रायथलॉन म्हणतात हे आम्हाला तेव्हा समजलं. पाण्यात उतरून गर्दीसमोर अंग मोडून घेण्याचा आमच्या गावाला जुना सराव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नदीत गोटमार चालते, दोन काठांची माणसं एकमेकांवर दगड फेकतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यात पदक मिळत नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. मला पोहता येत नाही, सायकल सुटून जमाना झाला, आणि धावतो तो फक्त रेल्वे सुटत असेल तर. म्हणून मला प्रसिद्धीप्रमुख केलं. पहिलं काम मिळालं ते पदाधिकाऱ्यांचा परिचय छापायचं, त्यांच्या क्रीडा पार्श्वभूमीसह.

अध्यक्ष राजूभाऊ. संत्र्यांचे व्यापारी, मनाने तसे दिलदार, फोटोत मात्र नेहमी मधोमध. ते म्हणाले, “सर, लिहा ना, विद्यापीठाच्या कबड्डी संघाशी निकटचा संबंध.”

“म्हणजे तुम्ही खेळले का?”

“निवड होता होता राहिली. पण संबंध होताच ना.”

संबंध असा होता, की निवड झालेला मुलगा त्यांचा खोलीमित्र होता. मी लिहिलं, निकटचा संबंध.

सचिव डॉक्टर. दातांचे. ते नागपूरला एकदा दहा किलोमीटर धावून आले आणि तिथे धावणाऱ्या प्रत्येकाला मिळालेलं पदक त्यांनी दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर वर टांगलं. तोंड उघडून पडलेल्या पेशंटला दुसरं काही दिसूच शकत नाही. विचारूही शकत नाही.

मॅडमची पार्श्वभूमी खरी होती. विद्यापीठाकडून खो-खो खेळलेल्या. नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षं बोरगाव ते सौंसर सायकलने ये-जा, तीही गिअर नसलेल्या, पुरुषी दांड्याच्या सायकलवर. पोहणं कन्हान नदीत, लहानपणापासून. म्हणजे आमच्या अख्ख्या कार्यकारिणीत तिन्ही गोष्टी करू शकणारा माणूस एकच होता, आणि तो यादीत शेवटी होता. मी त्यांना विचारलं, “मॅडम, तुमच्या नावापुढे काय लिहू?”

त्या सायकलच्या चाकात हवा भरून राहिल्या होत्या. पंप न थांबवता म्हणाल्या, “लिहा, काठावर बसते.”

“अहो, क्रीडा पार्श्वभूमी विचारून राहिलो.”

“तेच तर सांगून राहिले. पोहणारे बम आहेत, ढीगभर. काठावर बसणारं कोणी आहे का तुमच्यात?”

राजूभाऊंना ते वाक्य परिचयात शोभेना. त्यांनी ते काढून “सुरक्षाप्रमुख” असं घातलं. वजनदार शब्द आहे. त्यात काठ दिसत नाही.

काठावर बसणं म्हणजे काय, ते पहिल्याच रविवारी, आम्ही सरावाला जायचो त्या डॅमवर दिसलं. मॅडमनी पाण्याच्या कडेला काठीने सरळ रेघ ओढली. पोहायला जाणाऱ्या प्रत्येकाने आपला जोड त्या रेघेवर ठेवायचा. चप्पल असो, बूट असो, स्लीपर असो. टाचा पाण्याकडे, तोंड गावाकडे. म्हणजे माणूस बाहेर आला की सरळ पाय घालून चालू लागेल. बाहेर आल्यावर आपला जोड आपणच उचलायचा, दुसऱ्याने उचलून द्यायचा नाही. शेवटी रेघेवर काही उरलं नाही तरच मॅडम काठावरून उठायच्या.

“जोड उरला तर पाण्यात माणूस आहे,” त्या सांगायच्या. “बाकी मला काही समजत नाही.”

कन्हानवर त्यांच्या लहानपणी अशीच रीत होती. बाया धुणं धुवायच्या, पोरं डोहात उड्या मारायची आणि एक मोठी बाई काहीच न करता चपलांजवळ बसून राहायची. मॅडमच्या घरी हे काम आत्याकडे होतं. “आत्यानं एकदा पाहिलं नाही,” एवढंच त्या एकदा म्हणाल्या आणि पुढच्याला ओरडल्या, “ए, टाच इकडे कर तुही!” मी पुढे विचारलं नाही. इतिहासाच्या माणसालाही कुठे थांबायचं ते कळतं.

रामाकोन्याला विहिरी नव्हत्या का? होत्या. संत्र्यांच्या बागांतून चांगल्या बांधीव विहिरी होत्या. मॅडमचे वडील त्या बागांत मजुरीला जायचे, उन्हाळ्यात विहिरीत उतरून गाळ काढायचे. गाळ काढून झाला आणि पाणी चढलं, की त्यांच्या पोरांनी त्या विहिरीजवळ फिरकायचं नाही. म्हणून मॅडम नदीत शिकल्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. माझाच चढायचा. तेव्हा त्या म्हणायच्या, “सर, नदीचं पाणी वाहतं असते. आम्ही चांगलं शिकलो.”

चपलेच्या बाबतीत मात्र त्यांचा स्वभाव वेगळा होता. नव्या मुलाने कोणाची चप्पल पायाने सरकवली, तर त्या त्याला वाकून हाताने उचलायला लावायच्या. एकदा मी गंमत केली, की मॅडम, चपलेला एवढा मान? त्या म्हणाल्या, “माझा आजा मालगुजाराच्या घरासमोरून जाताना चप्पल काढून हातात घ्यायचा. ते घर गेलं की मग पायात. आमच्या घरात चप्पल म्हणजे नुसती चप्पल नसते, सर.” मी पुन्हा गंमत केली नाही.

रीत सगळ्यांना जाच वाटे. पुण्याहून सुट्टीला आलेल्या एका तरुण इंजिनिअरने आपले महागडे बूट चिखलात ठेवायला नकार दिला. म्हणाला, गाडीत ठेवतो. मॅडम म्हणाल्या, “बूट गाडीत ठेवशील, तर पोहायले गाडीच पाठव.” तो तासभर रुसून बसला आणि मग बूट रेघेवर ठेवून पाण्यात उतरला. दुसऱ्या एका रविवारी डॉक्टर बाहेर आले, फोनवर बोलत बोलत अनवाणीच गाडीत बसले आणि पांढुर्ण्याला निघून गेले. रेघेवर त्यांचे सँडल. मॅडमना पक्कं ठाऊक होतं की ते गेले असणार. तरी त्यांनी दोन पोहणाऱ्यांना पाण्यात फिरवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

“अहो मॅडम, मी घरी जेवून राहिलो!”

“जेवा. मग या आणि सँडल घेऊन जा.”

“कोणाच्या हाती पाठवून द्या ना.”

“तुम्ही आले की तुम्ही बाहेर आले असं मी समजीन. तोपर्यंत तुम्ही पाण्यात आहे.”

डॉक्टर परत आले. हात धुवायलाही थांबले नव्हते. बोटांना वरणाचा वास होता.

एवढं सगळं होऊनही क्लबने ही रीत चालू ठेवली, त्याला कारण राजूभाऊ. एका रविवारी सगळे बाहेर आले, सायकली निघाल्यासुद्धा, आणि रेघेवर एक जोड उरला. काळे, नव्या कोऱ्या सोलचे. मॅडमनी लांब शिटी दिली. लांब शिटी म्हणजे सगळ्यांनी जिथे असाल तिथे थांबा. मग चप्पल काढली, ती रेघेवर ठेवली, मला म्हणाल्या, “माझी पाहा,” आणि साडीवर घातलेल्या ट्रॅकसूटच्या जॅकेटसकट पाण्यात शिरल्या. डॅममध्ये बुडालेल्या बाभळीची खोडं आहेत. पलीकडच्या खोडांत राजूभाऊ सापडले. पोटरीत गोळा आलेला, दोन्ही हातांनी खोड धरलेलं, तोंडाला फेस आणि आवाज बंद. मॅडमनी त्यांना केसांना धरून आणलं. खांद्याला धरलं असतं तर त्यांनी मॅडमनाच खाली ओढलं असतं.

त्या दिवसापासून मॅडम पाण्यात असल्या की त्यांचा जोड मी पाहायचा, असं ठरून गेलं. पोहता न येणारा माणूस काठासाठी उत्तम, असं त्यांचं मत होतं. त्याची भीती खरी असते.

राजूभाऊ बरे झाल्यावर वार्षिक सभेत या प्रसंगाबद्दल बोलले. ते म्हणाले, मी झाडापाशी जरा विसावलो होतो, तेवढ्यात मॅडम आल्या. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळी वाजवली.

आणि मग आली जिल्हास्तरीय स्पर्धा. तिची तयारी पाहून मला वाटलं की स्पर्धा पाहुण्यांची आहे आणि पोहणारे स्वागतासाठी बोलावलेले आहेत. मंडप, लाल गालिचा, दोन भोंगे, फेटे. पाहुणे बाहेरून येणारे, मोठे. किती मोठे ते सांगत नाही, कारण अशा माणसांची मापं सगळीकडे एकच असतात. राजूभाऊंना एक नवी कल्पना सुचली. शाल-श्रीफळ जुनं झालं, खेळाचा कार्यक्रम आहे, तर पाहुण्यांना पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज भेट द्यायचे. माप त्यांच्या पीएकडून मागवलं.

मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की ऊन चढायच्या आत मुलं पाण्यात उतरली पाहिजेत. ऊन चढलं. मुलं उघड्या अंगाने तापलेल्या खडकावर एक पाय खाली, एक पाय वर करत उभी राहिली. मॅडम दोनदा मंडपात गेल्या आणि दोनदा ऐकून आल्या की साहेब निघाले आहेत. निघाले आहेत हे आमच्याकडे पोहोचण्याचं चिन्ह नसतं.

शेवटी साहेब आले. पाण्याची पूजा करायची म्हणून त्यांनी गालिचा संपतो तिथे आपले तपकिरी कातडी बूट काढले. गालिचा जिथे संपत होता तिथूनच मॅडमची रेघ सुरू होत होती. बूट रेघेवरच्या सगळ्या जोडांच्या टोकाला जाऊन बसले. त्यांचं तोंड पाण्याकडे होतं, पण त्या गर्दीत ते कोण पाहणार? सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या चेहऱ्यावर होत्या, माझीही; बुटांचं हे सगळं मी नंतर जुळवलं. मॅडम तेव्हा पाण्यात कमरेपर्यंत उभ्या राहून मुलांच्या टोप्या घट्ट करत होत्या. साहेबांनी नारळ फोडला, झेंडी दाखवली आणि लोकांनी त्यांना दुसऱ्या बाजूने, ओल्या पायांनीच, उचलल्यासारखं मंचावर नेलं. तिथे भेटीचे पांढरे बूट आले. ते त्यांनी लगेच पायात घातले. टाळ्या झाल्या, फोटो झाले. तपकिरी जोड काठावर राहिला.

मुलं पोहून बाहेर येऊ लागली. जोड उचलून सायकलींकडे पळू लागली. रेघ रिकामी होत गेली आणि शेवटी तपकिरी बूट उरले.

लांब शिटी वाजली.

डॉक्टर धावत आले. “मॅडम, सगळे आले. माझ्याकडे यादी आहे, सगळ्यांवर खूण झाली!”

“यादीत नाही तो बुडत नाही का?”

“मतलब?”

“मतलब, एवढी गर्दी आहे. कोणी हौसेने उतरला असेल, कोणाचा बाप पोराच्या मागे गेला असेल. बूट कोणाचे आहेत ते सांगा, मी स्पर्धा पुढे सोडते.”

कोणालाच सांगता येईना. सायकली रस्त्यावर थांबल्या. मंचावर साहेबांचं भाषण चालू होतं, आणि विषय होता, पाण्यासमोर सगळी माणसं सारखी असतात. ते वाक्य त्यांनी आमच्या फलकावरूनच उचललेलं असावं. मॅडम ओल्या कपड्यांनी मंचावर चढल्या. सूत्रसंचालक बाजूला झाला, कारण मॅडम पुढे आल्या की आमच्या तालुक्यात माणसं बाजूला होतात. त्यांनी त्याच्या हातातला माइक घेतला.

“तपकिरी बूट कोणाचे आहेत? पाण्याच्या काठावर आहेत. ज्याचे असतील त्यानं हात वर करावा. लाज नाही वाटून घ्यायची. जिवंत आहे एवढं सांगा, बस.”

मंडपात कोणी हात वर केला नाही. मंचावरही नाही. मॅडमनी माइक परत दिला, खाली आल्या, चप्पल रेघेवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या पाण्यात शिरल्या.

डॅमवर मासे धरणाऱ्या दोघांनी आपली नाव आणली, जाळं टाकलं. मॅडम बाभळीच्या खोडांत बुडी मारत होत्या, वर येत होत्या, श्वास घेत होत्या, परत जात होत्या. निवृत्तीला आलेली बाई. कोपर खोडाला घासून सोललं होतं. काठावर बायका रडायला लागल्या होत्या. कोण बुडालं ते माहीत नव्हतं, तरी रडत होत्या. प्रत्येकीने आपलं माणूस शोधून हाताला धरलं. मंचावर साहेबांनी भाषण आवरतं घेतलं, उपस्थितांना शांत राहण्याचं आवाहन केलं आणि त्यांच्या गाड्या नागपूरच्या दिशेने निघून गेल्या.

ऊन कललं तेव्हा त्यातली एक गाडी परत आली. ड्रायव्हर उतरला, काठावर आला. साधा माणूस, तोंडात खर्रा. त्याने इकडेतिकडे पाहून मला विचारलं, “काका, ते बूट नेऊ का? साहेबांचे आहेत.”

मॅडम तेव्हा श्वास घ्यायला काठाशी आल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

“कोणाचे आहेत?”

“साहेबांचे ना, मॅडम. ते पूजेच्या वेळी काढले होते.”

“साहेबाले माहीत होतं?”

“हो ना. तुम्ही माइकवर विचारलं तेव्हाच समजलं त्यांना. मंचावरून उतरल्यावर मला म्हणाले, आपलेच दिसतात. पण भर मंचावर हात कसा वर करायचा, तुम्हीच सांगा. म्हणे, गर्दी पांगली की जाऊन घेऊन ये.” त्याने हे जरा कौतुकानेच सांगितलं. साहेबांना परिस्थिती हाताळता येते, असा त्याचा सूर होता.

मी शिवी दिली. चाळीस वर्षं शिकवताना न दिलेली. मॅडमनी दिली नाही. त्या पाण्यातून बाहेर आल्या, नावेकडे वळून ओरडल्या, “या रे बाहेर! माणूस आहे. आहे म्हणे.” मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “ज्याचे आहेत त्यानं यावं. आमच्याकडे दुसऱ्याच्या हाती जोड देत नाही.”

“मॅडम, माझी नोकरी जाईल ना!”

“नाही जात. सांग, बाईनं दिले नाही. माझं नाव सांग, पूर्ण सांग.”

तो रिकाम्या हाताने गेला. मॅडमनी आपली चप्पल घातली, तपकिरी जोड प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सायकलच्या हँडलला अडकवला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की पाहुण्यांनी स्पर्धकांसोबत अनवाणी वेळ घालवला. ती मी लिहिलेली नव्हती. डॉक्टरांना लिहिण्याचीही पार्श्वभूमी आहे हे मला तेव्हा कळलं.

आठवडा संपायच्या आत कार्यकारिणीची बैठक झाली. मॅडमवर ठपके असे होते: स्पर्धा थांबवली, माइक हिसकावला, मान्यवरांच्या उपस्थितीत जिवंत आहे का असा अशुभ प्रश्न केला, आणि मान्यवरांची वस्तू अडकवून ठेवली. साहेबांनी प्रश्न ऐकून गप्प राहणं या यादीत कुठेच नव्हतं. मी ते घालायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तो विषय आपल्या अखत्यारीत येत नाही.

राजूभाऊंना मिटवायचं होतं. मी म्हणालो ना, मनाने दिलदार माणूस. ते गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, टेन्शन कायले वाढवता? एक करा. तुम्ही स्वतः बूट घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जाऊन या. हातात द्या, सॉरी म्हणा. मी गाडी देतो. विषय खतम. सुरक्षाप्रमुखही तुम्हीच राहाल, जोडांची रेघही राहील. मी शब्द देतो.”

मॅडमना ही रेघ हवी होती. क्लबमध्ये त्यांना दुसरं काही नकोच होतं. फलकावर नाव शेवटी आहे का पहिलं, हे त्यांनी कधी वर मान करून पाहिलं नव्हतं. हे राजूभाऊंना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नेमकं तेच पुढे केलं.

मॅडम म्हणाल्या, “राजूभाऊ, माझा आजा हातात चप्पल घेऊन चालला. तेही स्वतःची. तुम्ही मला दुसऱ्याची घेऊन चालायला सांगून राहिले. आणि तेही गाडीतून.”

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“त्यांनी यावं. हात वर करावा. बूट घ्यावे. मी एक शब्द बोलणार नाही.” त्यांनी गळ्यातली शिटी काढली, टेबलावर ठेवली. मग ती परत उचलली. “ही माझी आहे,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी राजूभाऊंकडे पाहिलं. ज्या केसांना धरून त्यांना बाहेर काढलं होतं, त्यांतून ते हात फिरवत होते.

फलकावर मॅडमच्या नावावर पांढरा पट्टा फिरला आणि रेघ बंद झाली. तिच्या जागी रंगीत मनगटपट्ट्या आल्या. पट्टी माणसाबरोबर पाण्यात जाते आणि माणसाबरोबरच तिथे राहू शकते, हे मी एका पत्रात लिहून दिलं. पत्राची पोच मिळाली. मीही काठावर जाणं सोडलं.

मॅडम निवृत्त झाल्या. बोरगावला घर बांधलं आहे. मधूनमधून मी जातो. व्हरांड्यात घरच्यांच्या चपला ओळीने असतात, टाचा घराकडे, तोंड रस्त्याकडे, आणि ओळीच्या टोकाला तो तपकिरी जोड. आठवड्याला त्याची धूळ झटकतात, कातडं सुकू नये म्हणून तेलाचं बोट फिरवतात. पाहुणे विचारतात, साहेबी बूट कोणाचे? मॅडम चहा गाळता गाळता सांगतात, “आहे एक जण. अजून पाण्यात आहे.”

यंदा पुन्हा स्पर्धा झाली. मी जाणार नव्हतो, पण मॅडमचा फोन आला. “सर, चालता का? मी तिकडच्या काठाला बसीन. माझी कोण पाहील?”

आम्ही मंडपापासून दूर, बाभळींच्या बाजूला बसलो. त्यांनी बरोबर पाण्याचा डबा आणि घरची संत्री आणली होती. काठीने जमिनीवर रेघ ओढली, सवयीने. स्पर्धा सुरू व्हायला वेळ होता, कारण पाहुणे निघाले होते. तेवढ्यात एक मुलगी वळसा घालून आली, तिने सँडल काढले, रेघेवर ठेवले आणि न बोलता परत पळाली. मग दोघं आले. मग पुण्याचा इंजिनिअर आला, महागडे बूट हातात घेऊन. मग रांगच लागली. मनगटावर पट्ट्या होत्याच. मॅडम कोणालाच काही म्हणाल्या नाहीत, फक्त एकाला म्हणाल्या, “टाच!”

सगळ्यांत शेवटी राजूभाऊ आले. यंदा ते स्वतः पोहणार होते. पोट आत घेतलेलं, डोक्यावर पिवळी टोपी. त्यांनी मॅडमकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. वाकून काळे बूट रेघेवर ठेवले.

“सरळ ठेवा,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी सरळ ठेवले.

पलीकडे भोंग्यावर पाहुण्यांचं नाव पुकारलं गेलं. यंदाचे पाहुणे नवे होते. मागच्या वर्षीसारखा घोटाळा होऊ नये म्हणून क्लबने खास सोय केली होती: गालिच्याच्या टोकाला स्टीलचं चकचकीत स्टँड आणि त्यावर पाटी, “फक्त मान्यवरांच्या पादत्राणांसाठी.” आमच्या बाजूनेही ती वाचता येत होती. स्टँड शेवटपर्यंत रिकामं राहिलं. पाहुण्यांनी पाण्याची पूजा बूट घालूनच केली.